दाराचा चुंबकी अलार्म: घ्या, पण भोंगा लावू नका

घर वेंगुर्ल्यात. आई ७९ वर्षांची, अल्झायमरचं हे चौथं वर्ष. दुपारपर्यंत तांदूळ निवडते, शेजारणीची चौकशी करते. उन्हं माडांमागे गेली की पदर खोचून दाराकडे. "माका घराक जावचा आसा. बापूस मिठागरावर वाट बघता." घर म्हणजे शिरोड्याचं माहेर. आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. जूनमध्ये भर पावसात ती तिठ्यापर्यंत पोचली, त्याच रात्री मी हा अलार्म मागवला. दोनाचा जोड, साडेतीनशे रुपये.

एक तुकडा चौकटीला, चुंबकाचा दाराला. दोघांत अंतर पडलं की वाजतं. सोबतची चिकटपट्टी कोकणच्या पावसाळ्यात तीन दिवस टिकली, मग मी स्क्रू मारले. आमचं फणसाचं जुनं दार ओल्याने फुगतं, पुरतं लागत नाही, म्हणून रात्री दोनला उगाच वाजायचं. चुंबकाखाली लाकडाची पट्टी घालून तो पुढे घेतला. खाऱ्या हवेने सेलचे पत्रे हिरवे पडतात, महिन्यातून एकदा घासावे लागतात.

खरी तक्रार भोंग्याची. पहिल्याच संध्याकाळी तो किंचाळला आणि आई कानांवर हात ठेवून उंबऱ्यातच बसली. दहा मिनिटांत भोंगा विसरली, पण जेवणापर्यंत हात थरथरत होते आणि बायकोला ती जवळ येऊ देईना. "हिनाच काय तरी केल्यान." वर पाटल्या चोरल्याचा जुना आरोप पुन्हा निघाला. (१९०६ साली डॉ. अल्झायमरनी ज्या बाईची हकीकत मांडली, तिचा आजारही नवऱ्यावरच्या संशयाने सुरू झाला होता, हे वाचल्यापासून बायको जरा कमी रडते.)

डॉक्टरांनी समजावलं. नवी आठवण साठवणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात लवकर झिजतो. घटना पुसली जाते, तिने उठवलेली भीती मात्र मागे राहते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद चित्रफिती दाखवल्या होत्या, २०१४ साली ते छापून आलं. काय पाहिलं ते त्यांना आठवेना, दुःख मात्र तसंच. म्हणजे भोंगा वाजवून मी आईला रोज विनाकारण घाबरवणार होतो.

संध्याकाळचंही तसंच. दिवस-रात्र ओळखणारं मेंदूतलं घड्याळ या आजारात बिघडतं. अंधारून आलं की गोंधळ वाढतो. म्हणून साडेचारलाच पडवीतले दोन्ही दिवे लावतो. ते सुरू केल्यापासून अलार्म आठवड्यातून दोनतीनदाच वाजतो, तेव्हा श्रेय सगळं या डबीला देऊ नका.

आणि आता वाजतो तो 'टिंगटाँग'. बटण त्या खुणेवर सरकवलं की भोंगा बंद, साधी घंटी चालू. आई दारातच थबकते. "कोण इला गो?" पाहुणा आला म्हणून आत वळते, बायकोला पाणी द्यायला सांगते, स्वतः पाट मांडते. तेवढ्यात शिरोडा मागे पडतं. कधी पडतही नाही. मग मी चपला घालतो, तिच्याबरोबर तिठ्यापर्यंत जाऊन येतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बटणासाठी. भोंगा आणि घंटी एकाच सरकत्या बटणावर, मधे तांदळाएवढं अंतर. गेल्या आठवड्यात पुसताना सरकलं. आता त्यावर फेविक्विक ओतलंय.