बीकेसीत नोकरी लागली, घर कुठे बघायचं? डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई की कुर्ल्याच्या आसपास

सांगली, नांदेड, अकोला, कुडाळ, कुठूनही मुंबईत नोकरीला येणारा माणूस आधी मोबाइलवर नकाशा उघडतो, ऑफिसपासूनचं अंतर मोजतो आणि भाड्याच्या जाहिराती चाळायला लागतो. मुंबईत किलोमीटरवरून फारसं काही कळत नाही. इथे आधी तीन गोष्टी विचारायच्या. ऑफिस कुठल्या लाइनवर आहे? घरापासून तिथवर किती वेळा उतरून पुन्हा चढायचं? आणि आपल्या स्टेशनवरून गाडी सुटते, की भरून येते? माझ्या मते भाड्याचा आकडा या तिन्हींनंतर बघावा. दोन-चार हजारांनी स्वस्त घर घेऊन रोज एक गाडी जास्त बदलणारे लोक सहा महिन्यांत पुन्हा घर शोधताना मी बघत आलो आहे.

एक ठिकाण धरून बोलू म्हणजे हवेत राहणार नाही. ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत आहे असं समजा. सेबी, नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, हिरे बाजार, कितीतरी बँकांची मुख्यालयं तिथे आहेत, आणि बाहेरगावहून येणाऱ्या अनेकांच्या पहिल्या नोकरीचा पत्ता हाच असतो. नावात दोन स्टेशनं असली तरी संकुल दोन्हींपासून चालत जाण्याजोगं नाही. पश्चिम रेल्वेचे लोक वांद्रे पूर्वेला उतरतात, मध्य आणि हार्बरचे (नवी मुंबईकडून येणाऱ्या लाइनचे) कुर्ला पश्चिमेला. पुढे बेस्टची बस किंवा शेअर रिक्षा. कुर्ल्याहून अंतर तीनेक किलोमीटर आहे, पण सकाळी साडेनऊला रिक्षाची रांग स्टेशनच्या बाहेर वळण घेऊन गेलेली असते. घरून निघण्याची वेळ ठरवताना ही रांग धरायचीच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ आली आणि बीकेसीला स्वतःचं स्टेशन मिळालं. वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा पूर्ण मार्ग सुरू झाला. मात्र ही मेट्रो कुर्ला स्टेशनला जात नाही, ठाण्याला नाही, नवी मुंबईलाही नाही. मध्य रेल्वेवाल्यांना तिचा उपयोग घाटकोपरमार्गे होतो: घाटकोपरला उतरायचं, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ ने बीकेसी. एक बदल वाढतो, पैसेही जास्त जातात. पण कुर्ला पश्चिमेला पाणी भरलं आणि रिक्षा दिसेनाशा झाल्या की हाच रस्ता कामी येतो, म्हणून तो माहीत असलेला बरा.

डोंबिवली

मराठी कुटुंबाला नव्या शहरात रुळायला याहून सोपी जागा मुंबईच्या आसपास नाही, असं मी ठामपणे म्हणेन. पूर्वेला रामनगर, टिळकनगर, फडके रोडचा परिसर. पायी फिरण्याच्या अंतरात शाळा, क्लास, वाचनालय, दवाखाने, आणि हाकेच्या अंतरावर पोळीभाजी केंद्र. नवराबायको दोघं नोकरी करणारे असतील तर या पोळीभाजी केंद्राची किंमत त्यांनाच कळते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा इथल्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केली आणि नंतर ती राज्यभर पसरली. सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटकं लागतात. गावाहून आईवडील राहायला आले तर त्यांना बोलायला माणसं मिळतात, आणि हे ठाणे-नवी मुंबईतल्या उंच टॉवरमध्ये सहज मिळत नाही. कुर्ला-चेंबूरला वन आरके ज्या भाड्यात मुश्किलीने मिळेल, त्यात इथे हवेशीर वन बीएचके मिळतो.

अडचण गाडीची आहे आणि ती मोठी आहे. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर. फास्ट लोकलने कुर्ला पाऊण तासाच्या आतबाहेर, हे कागदावर छान दिसतं. पण सकाळी आठ-सव्वाआठची फास्ट कल्याण, बदलापूर, कर्जत, कसाऱ्याकडून भरूनच येते. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या काही लोकल आहेत, त्यांच्या वेळा इथल्या माणसांना तोंडपाठ असतात. गाडी फलाटावर पूर्ण थांबायच्या आत बाकं भरतात. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, अर्धा बाकावर आणि अर्धा बाहेर. ही ‘चौथी सीट’. ठाण्याला आतला कोणी उठला की तो सरकून नीट बसतो. ग्रुप जमला की बसलेला माणूस अर्ध्या वाटेत उठून उभ्या असलेल्याला जागा देतो. हे सगळं जमायला वेळ लागतो, आणि ऑफिसची वेळ रोज तीच असेल तरच जमतं. आज नऊला, उद्या अकराला असं काम असेल तर डोंबिवलीचा हा मोठा आधार तुम्हाला मिळणार नाही.

दारात लटकण्याबद्दल स्पष्टच लिहितो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी खाली पडले आणि त्यात जीव गेले. नवीन माणसाने ‘सगळेच लटकतात’ म्हणून लटकू नये, एक गाडी सोडावी. डोंबिवली निवडताना रोज एखादी गाडी सोडण्याइतका वेळ आधीच हिशेबात धरा. परवडत असेल तर फर्स्ट क्लासचा किंवा एसी लोकलचा पास काढा. घरभाड्यात वाचलेल्या पैशांतून तो सहज निघतो.

जाहिरातीत ‘डोंबिवली’ लिहिलेलं प्रत्येक घर डोंबिवलीत नसतं, हेही बघा. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या नव्या टाउनशिपमध्ये बाग, पोहण्याचा तलाव, सगळं आहे. पण स्टेशन गाठायला आधी बस किंवा रिक्षा, आणि काटई नाक्याची कोंडी. एमआयडीसीला लागून घर बघत असाल तर रासायनिक कारखाने किती जवळ आहेत ते स्वतः चालत जाऊन पाहा. तिथे २०१६ आणि २०२४ मध्ये मोठे स्फोट झाले आहेत.

ठाणे, पण कुठलं?

ठाणं दोन आहेत. एक स्टेशनच्या भोवतीचं: नौपाडा, चरई, पाचपाखाडी, राम मारुती रोड, गोखले रोड. तलावपाळी, गडकरी रंगायतन, जांभळी नाक्याचा बाजार इथलाच. दुसरं घोडबंदर रोडचं: मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली. जाहिरातीत दोन्हींचा पत्ता ‘ठाणे पश्चिम’ असतो आणि भाड्यात फसगत होते ती इथेच.

बीकेसीसाठी जुनं ठाणं मला सगळ्यांत समतोल वाटतं. कुर्ला फास्टने वीसेक मिनिटं, स्लोने अर्धा तास. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकल आहेत. दहा मिनिटं जास्त लागली तरी त्यात बसून जाता येतं, पुस्तक वाचता येतं. रात्री उशीर झाला तरी घर स्टेशनपासून चालत. घरं मात्र जुनी: तीन-चार मजली इमारत, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, आणि कधीही पुनर्विकासाला जाण्याची शक्यता. भाडं डोंबिवलीपेक्षा बरंच जास्त. बजेट ताणत असेल तर स्टेशनच्या पूर्वेला कोपरीत बघा. नौपाड्याची ऐट तिथे नाही, पण फलाट तेच आणि भाडं कमी.

घोडबंदर रोडला नवी इमारत, मोठी खिडकी, मागे येऊरचा डोंगर, हवा उत्तम. पण कासारवडवलीहून ठाणे स्टेशन आठ-दहा किलोमीटर, आणि त्याच रस्त्यावरून बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर. पावसाळ्यात गायमुखच्या घाटात खड्डे पडले की मागची रांग तुमच्या इमारतीपर्यंत येते. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ पूर्ण सुरू झाली की चित्र बदलेल, पण भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो. येणाऱ्या मेट्रोच्या भरवशावर आजचं घर घेऊ नका. एक अपवाद आहे. कंपनीची गाडी दारातून नेत-आणत असेल, विशेषतः रात्रपाळीला, तर लोकलचा प्रश्नच उरत नाही आणि घोडबंदरचं मोठं घर खरोखर फायद्याचं ठरतं.

नवी मुंबई

१९७० साली सिडको (शहर वसवणारी सरकारी कंपनी) स्थापन झाली आणि नवी मुंबई आखून वसवली गेली. ते रस्त्यांवर दिसतं: रुंद रस्ते, सेक्टर, बागा, प्रशस्त स्टेशनं. लहान मुलं असलेल्या घराला वाशी, सानपाडा, नेरूळ फार मानवतं. पाण्याच्या बाबतीत नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला त्याचं मोल कळेल. खारघर मात्र पनवेल महापालिकेत मोडतं. तिथे घर बघताना पाणी किती वेळ येतं आणि सोसायटी टँकर मागवते का, हे वॉचमनला विचारा. दलाल सांगणार नाही.

बीकेसीसाठी हार्बरने थेट कुर्ला गाठता येतं, गाडी बदलावी लागत नाही. पण हार्बरवर फास्ट लोकल नाही, प्रत्येक स्टेशनवर थांबत जायचं. वाशीहून अर्ध्या तासाच्या आसपास, खारघरहून पाऊण तासाच्या वर. वाशीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, त्यामुळे वाशी-सानपाड्याला बसायला मिळण्याची शक्यता बरी. खारघरचे पुढचे सेक्टर स्टेशनपासून बरेच आत आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोने तिथे थोडी सोय झाली, तरी तो एक बदल वाढलाच.

घणसोली, कोपरखैरणे, जुईनगरच्या गावठाणातली घरं स्वस्त मिळतात. बॅचलरना कोणी प्रश्न न विचारता तिथे घर देतात, ही त्यांची जमेची बाजू. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी असल्याचा महापालिकेचा दाखला) आहे का आणि घरमालक करार नोंदवून देईल का, हे आधी विचारा. नोंदवलेला करार नसेल तर पत्त्याचा पुरावा अडतो आणि बँक, गॅस, मुलांची शाळा सगळीकडे अडतं.

कुर्ला, टिळकनगर, चेंबूर

एकटा माणूस, पहिली नोकरी, सामान म्हणजे दोन बॅगा: त्याने पहिलं वर्ष इथेच काढावं. कुर्ला पूर्वेचं नेहरूनगर, चेंबूरजवळचं टिळकनगर या म्हाडाच्या वसाहती, मराठी वस्ती भरपूर. पीजी किंवा कॉट बेसिसवर (खोलीतली फक्त एक खाट भाड्याने) जागा मिळते. खोली लहान, स्वयंपाकघर सामाईक, पण रोजचे दोन-अडीच तास वाचतात. नवीन नोकरीत शिकायचं खूप असतं तेव्हा हे तास फार मोठे असतात. तीनचार मित्र मिळून घर घेणार असाल तर चेंबूरही आवाक्यात येतं.

पावसाळ्याचं मात्र बघा. मिठी नदी कुर्ल्यातूनच वाहते, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हा सगळा पट्टा पाण्याखाली होता. इतका पाऊस दरवर्षी होत नाही, पण दरवर्षी थोडंफार पाणी साचतंच. तळमजला घेऊ नका.

पश्चिम रेल्वेचं थोडक्यात सांगतो. बोरिवलीहून वांद्रे फास्टने अर्ध्या तासाच्या आसपास, आणि बोरिवलीहून सुटणाऱ्या गाड्या भरपूर. राष्ट्रीय उद्यान शेजारी. भाडं मात्र जुन्या ठाण्याच्या बरोबरीला जातं. वसई-विरार म्हणजे पश्चिमेची डोंबिवली: घर स्वस्त, गाडीची गर्दी तीच.

घरातले दोघं कमावणारे असतील तर एकट्याच्या ऑफिसवरून ठरवू नका. एक बीकेसीत आणि एक ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये, ही जोडी आता खूप दिसते. अशा वेळी मी डोळे मिटून जुनं ठाणं सांगतो: एकाला मध्य रेल्वे, दुसऱ्याला ठाण्याहूनच सुटणारी ट्रान्स-हार्बर (ठाणे ते नवी मुंबई लोकल), दोघांनाही कुर्ल्यापर्यंत किंवा ऐरोलीपर्यंत गाडी बदलायची नाही. दुसरं ऑफिस बेलापूरला असेल तर नेरूळ. दोघंही बीकेसीत आणि मूल शाळेत जाणारं असेल तर डोंबिवली आणि ठाणे यांत निवड मुलाला कोण सांभाळणार यावर करा. आजीआजोबा येऊन राहणार असतील तर डोंबिवली. पाळणाघरावर भिस्त असेल तर ठाणे, कारण पाळणाघर सात-साडेसातला बंद होतं आणि त्या वेळेत ठाण्यालाच पोचता येतं.

घर रविवारी बघायला जाऊ नका. रविवारी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास लाइन बंद) असतो, गाड्यांचं गणित वेगळं, रस्ते मोकळे. कामाच्या दिवशी सकाळी त्या घराच्या दारातून निघा आणि ऑफिसच्या गेटपर्यंत जा, संध्याकाळी साडेसहाला परत या. दलालाला एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून द्यावं लागतं, तेव्हा त्याला चार घरं दाखवायला लावा. कागदाचं सांगायचं तर, महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे हाच अकरा महिन्यांचा भाड्याचा करार नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची तीही त्याच वेळी उरकून घ्या.

करारात ‘लॉक-इन’चं कलम वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. बरेच मालक सहा महिने, कधी पूर्ण अकरा महिने लॉक-इन घालतात. म्हणजे त्याआधी घर सोडलं तर उरलेलं भाडं डिपॉझिटमधून कापलं जातं. तुम्ही शहरात नवे आहात, तीन महिन्यांत ऑफिसची जागा किंवा शिफ्ट बदलू शकते. तीन महिन्यांचं लॉक-इन आणि एक महिन्याची नोटीस मागा. भाडं पाचशेने वाढवून मिळत असेल तरी द्या.