कार्बन फायबरच्या नावाने कॅन्सरची भीती घालून पैसे काढतात, सावध राहा

जळगाव, भुसावळ, धुळे भागात ज्यांच्या गाडीला कार्बन फायबरचं (कार्बनचे बारीक धागे रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बसवून केलेलं) बॉनेट, स्पॉयलर, मिरर कव्हर असं काही लावलेलं आहे आणि त्याला तडा गेलाय किंवा वरची लॅकर (पारदर्शक थर) उडालीये त्यांनी हे पूर्ण वाचा. आमच्या दादाचे ४६,५०० रुपये गेले. पैशाचं दुःख आहेच, पण त्या माणसाने चार वर्षांच्या पोरीच्या खोकल्याचा वापर करून ते काढले याचा मला जास्त राग आहे.

दादाची जुनी पोलो आहे, पुण्याहून घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने कार्बनचं बॉनेट आणि मिररचे कव्हर बसवलेले. पारोळ्याकडून येताना पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि बॉनेटला डाव्या हेडलाइटच्या वर वीतभर तडा गेला. नंतर आपल्याकडचं ऊन, तड्याच्या आजूबाजूची लॅकर पिवळी पडून पापुद्रे सुटायला लागले आणि खालचे काळे धागे उघडे पडले. दादाने त्याच्यावरून बोट फिरवलं तर बारीक कुसळ घुसलं, डोळ्याला दिसेना पण दिवसभर टोचत राहिलं, म्हणून तो हायवेला लागून असलेल्या एका डिटेलिंगच्या (गाडीच्या सफाई-पॉलिशच्या) दुकानात दाखवायला गेला.

दुकानदाराने तडा बघितला आणि पहिलं वाक्य काय, तर "भाऊ, ही गाडी तुम्ही एसी लावून चालवता का?" मग सुरू झाला. म्हणे हे धागे हवेत उडतात, एसीच्या जाळीतून आत येतात, एकदा फुफ्फुसात बसले की निघत नाही भो, ॲस्बेस्टॉससारखंच आहे हे (ॲस्बेस्टॉस म्हणजे सिमेंटच्या पत्र्यात असतं ते तंतूंचं खनिज, ज्याने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो). घरात लहान लेकरू आहे का? दादा बोलला की मुलगी आहे, खोकला चालू आहे तिला. तिथून पुढे तो माणूस फक्त पोरीबद्दलच बोलला. मोबाईलवर एक बातमी काढून दाखवली, कार्बनने कॅन्सर होतो अशी. ती मी नंतर शांतपणे वाचली तर ती कार्बन नॅनोट्यूबबद्दल, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांबद्दल होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१४ ला त्यातल्या एका प्रकाराला कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलंय हे खरं आहे, पण नॅनोट्यूब ही वेगळी वस्तू, गाडीच्या बॉनेटमधला धागा त्याच्यापेक्षा कितीतरी पट जाड असतो.

मग त्याने मीटर काढला. हाताएवढा पीएम २.५ चा (हवेतले अगदी बारीक कण मोजायचा) मीटर, ऑनलाइन मिळतो तो. गाडीची दारं उघडी, बाजूने हायवेचे ट्रक चालले, मीटर आत सीटवर ठेवला आणि आकडा गेला १८० च्या वर, स्क्रीन लाल. "बघा भाऊ, हे सगळं तुमची पोरगी ओढून राहिली." वहिनी सोबत होती, ती तिथेच रडायला लागली. आता कोणता बाप त्यानंतर भाव करेल सांगा.

हा मीटर कसा चालतो ते नीट समजून घ्या. त्याच्यात लेझरचा उजेड असतो, समोरून जाणाऱ्या कणांवर तो आपटून विखुरतो आणि त्यावरून आकडा येतो. कण धुळीचा आहे, डिझेलच्या धुराचा आहे का कार्बनचा, ते त्या मीटरला कळतच नाही. आम्ही नंतर तसाच मीटर एका मित्राकडून आणला आणि देवघरात अगरबत्ती लावली, तिथे तर त्याच्याहून वर गेला. आणि काम झाल्यावर त्याने आकडा कमी करून दाखवला तो कसा, तर काचा बंद करून एसी रिसर्क्युलेशनवर टाकला. आतलीच हवा फिल्टरमधून फिरत राहिली की कोणत्याही गाडीत आकडा खाली येतो, त्याच्यासाठी केबिन साफ करायचे म्हणून घेतलेले ८,००० लागत नाहीत.

बिल असं होतं, कच्च्या कागदावर, जीएसटी नंबर नाही: नवीन कार्बन बॉनेट ३२,०००, केबिन डिकंटॅमिनेशन (आतली सफाई) ८,०००, आणि जुना पार्ट डिस्पोज करायचे ६,५००. जुनं बॉनेट परत मागितलं तर म्हणे ते घातक कचऱ्यात जातं, नियमाने जाळावं लागतं, घरी देता येत नाही. पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के वेगळे द्या.

गाडी आणायला मी गेलो होतो दादासोबत. तिथे मागच्या शेडमध्ये एक पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा, दुसऱ्याच्या स्पॉयलरला कोरडा ग्राइंडर मारत होता. तोंडाला रुमाल बांधलेला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काळी भुकटी भुवयांवर बसलेली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात लाल पुरळाने भरलेला. विचारलं तर म्हणाला खाजतं, रोजचंच आहे, घरी जाऊन खोबरेल लावतो. जो माणूस गिऱ्हाइकाला फुफ्फुसाची भीती दाखवतो त्याने स्वतःकडे काम करणाऱ्या पोराला साधा मास्क दिलेला नव्हता. हे मला आजही सहन होत नाही.

खरा धोका असतो तो तिथेच. गाडीवर नुसता तडा गेलेला पार्ट असेल तर धागे रेझिनमध्ये पक्के धरलेले असतात. नेहमीचा कार्बनचा धागा साधारण ५ ते ७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, आपला केस ७० च्या आसपास. फुफ्फुसाच्या अगदी तळाशी जाणारे तंतू ३ मायक्रॉनपेक्षा बारीक लागतात. ॲस्बेस्टॉस उभा चिरत जातो, एकाचे अनेक बारीक होतात, म्हणून तो इतका वाईट. कार्बनचा हा धागा आडवा तुटतो, म्हणजे आखूड होतो पण बारीक होत नाही. म्हणून तडा गेलेल्या बॉनेटमागे बसून कोणाला ॲस्बेस्टॉससारखा आजार लागत नाही. कुसळ टोचतं, कातडी खाजते, डोळ्यात गेलं तर चुरचुरतं, तेवढं आहे. पण घासलं, कापलं, ग्राइंडर मारला की रेझिनची आणि तंतूंची बारीक भुकटी उडते, ती नाकात-घशात आणि आतही जाते, ती टाळायलाच पाहिजे. आणि जळालेला पार्ट वेगळाच, आगीत धागे झिजून बारीक होतात, त्यामुळे जळालेल्या गाडीच्या कार्बनला हात लावू नका. हा माणूस जुना पार्ट जाळतो म्हणून आम्हाला सांगत होता ते तर त्यातलं सगळ्यात चुकीचं.

पोरीला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, छाती साफ आहे, धुळीची ॲलर्जी आहे म्हणाले, बॉनेटचं सगळं ऐकून घेतलं आणि वहिनीला सांगितलं की ताई, गाडीचा यात काही संबंध नाही. वहिनीला त्या रात्री कित्येक दिवसांनी झोप लागली.

आता नवीन बॉनेटचं. आमचे मामा एमआयडीसीत फायबरच्या टाक्यांच्या युनिटमध्ये वीसेक वर्षं मोल्डिंगला होते. ते घरी आले, गाडी उन्हात उभी होती, त्यांनी बॉनेटच्या कडेवरून नख फिरवलं आणि कडेची फिल्म उचलली गेली. खाली विणकाम नाही काही नाही, करडा जेलकोट (फायबरवरचा रंगीत रेझिनचा थर). म्हणजे कार्बनचं चित्र छापलेली प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली. मग आतल्या बाजूची कड पाणी लावून पॉलिश पेपरने थोडी घासली तर आतून पांढरे-हिरवट धागे, वेडेवाकडे पसरलेले, साधी काचेची मॅट. मामा म्हणाले, "अरे बाबा, याच्या तर आम्ही टाक्या करायचो." तेवढ्यावर भरवसा नको म्हणून मल्टीमीटर आणला, कारण चांगल्या बॉनेटला पण खालचा सांगाडा काचेच्या फायबरचा असू शकतो. कार्बनमधून वीज जाते, काचेतून जात नाही. जुन्या मिरर कव्हरची टवका उडालेली काळी कड होती, तिथे दोन्ही पिना टेकवल्या तर लगेच बीप वाजला. नवीन बॉनेटला वरच्या थरापासून खालपर्यंत कुठेच नाही. लॅकरवर किंवा फिल्मवर पिन टेकवून उपयोग नाही हे लक्षात ठेवा, उघडी कड लागते.

मग काही दिवसांनी जुन्या पार्ट विकायच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाचंच बॉनेट दिसलं. ओरिजनल कार्बन, थोडा क्रॅक, १८,०००. तोच तडा, आतल्या बाजूला पुण्याच्या जुन्या मालकाने लावलेला स्टिकर पण तसाच. जाळलं म्हणून ६,५०० घेतलेलं बॉनेट.

दुकानात गेलो तर अरेरावी, तुम्हीच सोडून गेले म्हणे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी आधी लेखी नोटीस पाठवायला सांगितली. स्क्रीनशॉट, कच्चं बिल, यूपीआयची पावती, मल्टीमीटरचा व्हिडिओ जोडून रजिस्टर पोस्टाने पाठवली तेव्हा बॉनेट आणि ६,५०० परत आले. बाकीचे ४०,००० तो देत नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या टाकता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करावी लागते.

जुनं बॉनेट आता परत बसवलंय. मामांनी आधी लॉकची जागा आणि बिजागऱ्या तपासल्या, कारण तिथे तडा असेल तर वेगात बॉनेट उघडून काचेवर येऊ शकतं, आणि तुटक्या बॉनेटमध्ये घाबरायचंच तर याला घाबरा. मग एन ९५ मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या घालून पाणी मारत मारत ओलं घासलं, हवा मारली नाही, भुकटी ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधली, एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) भरली आणि वरून क्लिअर कोट पेंटरकडून मारून घेतला, तो बंद बूथमध्येच मारायला सांगा कारण त्याच्या हार्डनरच्या (कोट घट्ट करायला मिसळतात त्या रसायनाच्या) वाफेने दम्याचा त्रास होतो. सगळा खर्च साडेतीन हजारात बसला. लगेच काम करायचं नसेल तर तड्यावर रुंद चिकटपट्टी लावून ठेवा, चालतं.

ज्यांच्याकडून याच पद्धतीने मीटर दाखवून पैसे घेतलेत त्यांनी जुना पार्ट कुठे गेला ते आधी लेखी विचारा, आणि नवीन पार्टची कड घासून बघितल्याशिवाय दुकानदाराला कुठल्याही कागदावर सही देऊ नका. अशा दुकानात काम करणाऱ्या कोणाचे आईवडील हे वाचत असतील तर पोराचे हात बघा, आणि त्याला मास्क मागायला सांगा.