जादा तासांची सवय मोजायची कशी? पंच, टाइमशीट की निनावी प्रश्नावली

ऑफिसात लोक उशिरापर्यंत बसतात हे सगळ्यांनाच दिसतं. ते मोजायचं ठरलं की एचआरचा हात आधी जातो पंचिंगच्या, म्हणजे कार्ड लावून आत-बाहेर केल्याच्या नोंदींकडे. त्या आयत्या मिळतात, खर्चही नाही. पण पुण्यात निव्वळ त्यांच्या भरवशावर राहू नका, हे मी ठासून सांगेन.

आयटी कंपन्यांच्या हिंजवडीचंच घ्या. साडेसहाला निघालं की वाकडच्या पुलापर्यंत गाडी इंचाइंचाने सरकते, म्हणून कित्येक जण काम आटोपूनही आठपर्यंत थांबतात. पंचिंगमध्ये तो दीड तास जादा काम ठरतो. उलट, जी कंपनीच्या बसने वेळेवर घरी जाते, पोराला जेवू घालते आणि साडेनऊला क्लायंटसाठी पुन्हा लॅपटॉप उघडते, तिचे दोन तास कुठेच उमटत नाहीत. आणखी एक गोम आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात. न्यूयॉर्कचा सकाळी नऊचा कॉल आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाऐवजी साडेसातला येतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे आकडे शेजारी ठेवून ‘जादा काम वाढलं’ म्हणाल तर फसाल.

टाइमशीटचं थोडक्यात सांगते. क्लायंटला जेवढ्या तासांचं बिल लागणार तेवढे तास तिच्यात भरले जातात, बहुतेकदा शुक्रवारी एकदमच. तिच्यावरून बिल कळेल, श्रम नाही.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांकडे चित्र वेगळं. तिथे ओटीला, म्हणजे ओव्हरटाइमला, कायद्याने दुप्पट दर आहे आणि तो खरोखर मिळत असेल तर रजिस्टर बऱ्यापैकी खरं बोलतं. मात्र माणूस राजीखुशीने थांबला, मूळ पगारात भागत नाही म्हणून थांबला, की सुपरवायझरला नाही म्हणायची सोय नव्हती म्हणून, हे त्यात सापडणार नाही.

मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून माझं पहिलं मत निनावी प्रश्नावलीला. ग्रेटा मॅझेट्टी आणि सहकाऱ्यांनी इटलीतल्या नोकरदारांवर तपासून 2016 मध्ये मांडलेली ‘ओव्हरवर्क क्लायमेट स्केल’ ही प्रश्नावली इथे उपयोगी पडते. ती दोन गोष्टी वेगळ्या काढते: जादा थांबणं गृहीत धरलं जातं का, आणि त्या बदल्यात पैसे, सुट्टी असं काही मिळतं का. प्रश्न ‘तुम्ही किती तास थांबता’ असा नसतो, तर ‘इथे बहुतेक लोक वेळ संपल्यावरही काम करतात का’, ‘रजा घेणं अवघड जातं का’, अशा धाटणीचा असतो. स्वतःबद्दल सांगताना माणूस हातचं राखतो, ऑफिसबद्दल मोकळेपणाने बोलतो. साहेब लोकांची उत्तरं वेगळी काढा, तफावत तिथेच सापडते. पाच-सात जणांच्या टीमचा निकाल स्वतंत्र दाखवू नका. कोण काय म्हणालं हे लगेच ओळखू येतं आणि पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही.

मग तासांच्या नोंदी फेकून द्यायच्या का? नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021 च्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो. त्यामुळे सरासरी काढत बसू नका. 55 ओलांडणारे किती, ते मोजा. घरून केलेले कॉल आणि रात्रीचे ईमेलही त्यात धरा, पण नावं गाळून. नावांसकट यादी साहेबांच्या टेबलावर गेली की सहाला निघणाऱ्यांवरच ती उगारली जाते, आणि मग हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी केला त्यांचंच नुकसान होतं.

बजेट एकाच गोष्टीचं असेल तर प्रश्नावली घ्या, पण दोनदा: एकदा मार्चअखेरच्या किंवा सॉफ्टवेअर रिलीजच्या धावपळीत आणि एकदा निवांत महिन्यात. धावपळीत सगळेच थांबतात, तो कामाचा बोजा. निवांत महिन्यातही ‘साहेब उठल्याशिवाय कुणी उठत नाही’ असंच उत्तर आलं, तर माणसं वाढवून काही होणार नाही. तिथे साहेबांशीच बोलावं लागेल.