नेल्सन की कॉलिंगवुड: आधी कोणाचं आयुष्य वाचावं?

शिडाच्या जहाजांवरच्या अधिकाऱ्याची नोकरी नेमकी कशी असायची हे समजून घ्यायचं असेल, तर ब्रिटिश नौदलातल्या दोघांपैकी कोणापासून सुरुवात करावी असा प्रश्न पडतो: होरेशियो नेल्सन की कथबर्ट कॉलिंगवुड? दोघं जिवाभावाचे मित्र. दोघंही बाराव्या वर्षाच्या आसपास जहाजावर चढले आणि दोघांच्या समाध्या लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये आहेत.

बढती कशी मिळायची हे बघायचं असेल तर नेल्सन घ्या. नॉरफोकच्या एका पाद्र्याचा हा मुलगा, पण मामा मॉरिस सकलिंग नौदलात कॅप्टन. मामाने 1771 मध्ये भाच्याला आपल्या जहाजावर घेतलं. पुढे सीहॉर्स जहाजावरून तो मुंबईलाही येऊन गेला आणि 1776 मध्ये हिवतापाने खंगून मायदेशी परतला. तोवर मामा नौदलाच्या कारभारात कंट्रोलरच्या मोठ्या पदावर पोचला होता. लेफ्टनंटच्या परीक्षेला सहा वर्षांचा समुद्रावरचा अनुभव आणि वय किमान 20 लागायचं. 1777 मध्ये नेल्सन पास झाला तेव्हा तो 18 वर्षांचा होता. कागदावर मात्र वय विसाच्या वर दाखवलं गेलं. 1779 मध्ये तो पोस्ट कॅप्टन, म्हणजे मोठ्या युद्धनौकेचा पूर्ण दर्जाचा कॅप्टन झाला, तोही एकविशी गाठायच्या आत.

ही पायरी नीट समजून घ्या, कारण सगळी धडपड तिथवर पोचण्याची असे. एकदा पोस्ट कॅप्टन झालं की पुढची बढती ज्येष्ठतेनेच. वरची माणसं गेली की आपलं नाव यादीत वर सरकणार, आणि जगलो-वाचलो तर ॲडमिरल.

कॉलिंगवुड नेल्सनपेक्षा दहा वर्षांनी मोठा, न्यूकॅसलच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. 1761 मध्ये समुद्रावर गेला, पण लेफ्टनंट व्हायला 1775 साल उजाडलं. एवढा मोठा मामा पाठीशी नसला की किती वर्षं जातात, ते इथे दिसतं. नंतर वेस्ट इंडीजमध्ये नेल्सन जे जहाज सोडून वर जाई, त्यावरची जागा कॉलिंगवुडला मिळे: आधी लोएस्टॉफ, मग बॅजर, मग हिंचिनब्रूक. या शेवटच्या जहाजावर 1780 मध्ये तो पोस्ट कॅप्टन झाला. पण निकाराग्वाच्या मोहिमेत तापाने असा कहर केला की 200 पैकी 180 माणसं दगावली.

युद्ध नसलं की अधिकारी अर्ध्या पगारावर घरी. नेल्सनसारख्या माणसालाही 1787 अखेरीपासून 1793 पर्यंत जहाज मिळालं नाही. मग उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, उजवा हात गेला, नाईलची लढाई झाली आणि 1805 मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रॅफल्गरच्या लढाईत मृत्यू आला. हे सगळं थरारक आहे, पण रोजच्या नोकरीबद्दल त्यातून फारसं कळत नाही.

ते कॉलिंगवुडकडून कळतं, म्हणून माझं मत त्याच्या बाजूने. शत्रूच्या बंदराबाहेर घिरट्या घालत राहायचं, शिडं-दोर दुरुस्त करत राहायचं, खलाशांना तोफांचा सराव देत राहायचं. एकदा तर त्याने सलग 22 महिने नांगर टाकला नाही. सोबतीला बाउन्स नावाचा कुत्रा. रजेवर घरी आला की खिशात ओकच्या बिया घेऊन फिरायचा आणि जागा दिसेल तिथे पेरायचा, पुढच्या पिढीच्या जहाजांना लाकूड मिळावं म्हणून. आपल्या मुली आपल्याला धड ओळखत नाहीत, ही खंत त्याने पत्रांत लिहून ठेवली आहे. ती पत्रं छापलेली आहेत; तिथूनच सुरुवात करा, नेल्सन त्यात वरचेवर भेटतोच.

ट्रॅफल्गरनंतर भूमध्य समुद्रातल्या आरमाराची धुरा त्याच्यावर आली. तब्येत ढासळत गेली, त्याने घरी जाऊ द्यावं म्हणून विनंती केली, पण सरकार त्याला सोडेना. अखेर 1810 च्या मार्चमध्ये त्याचं जहाज मिनोर्का बेटाहून इंग्लंडकडे निघालं. दुसऱ्याच दिवशी, जहाजावरच, त्याने प्राण सोडला.