हिवाळ्यासाठी घर बंद करून देतो म्हणाला आणि ४३,४९९ रुपये घेऊन गेला

आम्ही सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागातले. एप्रिल-मेचं इथलं ऊन हिला अजिबात सोसत नाही, म्हणून निवृत्तीनंतर नैनिताल जिल्ह्यात मुक्तेश्वरजवळ दोन खोल्यांचं छोटं घर घेतलं. उन्हाळा तिथे काढायचा, थंडी सुरू व्हायच्या आत परत यायचं. इथे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घर सोडताना आपण टाकी भरून ठेवतो. तिथे नेमकं उलटं. साडेसात हजार फुटांवर पाणी पाइपातच गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून निघण्याआधी टाकी, गिझर, पाइप सगळं रिकामं करावं लागतं.

दरवर्षी मी समोर उभा राहून करून घेतो. यंदा मेहुण्याचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि आम्हाला तसंच निघावं लागलं. किल्ली नेहमीप्रमाणे खालच्या दुकानदाराकडे दिली. सोलापूरला आल्यावर नेटवर शोधलं, तर नकाशावर एक नंबर सापडला. फोटो, पाच-पाच तारे, सगळं व्यवस्थित. पुढचं तुम्हाला सांगायला नको. नोंदणीचे १,४९९. कामाचे १४,८००. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी उरतं, तिथे ओतायच्या न गोठणाऱ्या द्रवाचे ६,२००. थंड प्रदेशांत हे सगळं खरोखर करतात हो, म्हणून तर विश्वास बसला! शेवटी ‘पाइप फुटला तर भरपाई मिळेल, त्यासाठी ठेव, मार्चमध्ये परत’ म्हणून २१,०००. परत मिळणारी ठेव कुणी मागितली तर फोन तिथेच ठेवा.

काम झाल्याचे फोटो आले. गिझर, उघडे नळ, गोणपाट गुंडाळलेला पाइप. ही माझ्या शेजारी बसून बघत होती. म्हणाली, ‘‘अहो, ही फरशी आपली नाही. आपल्या स्वयंपाकघरात कोबा आहे.’’ फोटोत पांढऱ्या चकचकीत टाइल्स होत्या, कोपऱ्यात निळी बादली. आमच्याकडे निळी बादली नाहीच. मी त्याला लगेच फोन लावला. म्हणाला, मुलानं घाईत दुसऱ्या साइटचा एक फोटो टाकला, बाकीचे तुमचेच. दुकानदाराला लावला तर फोन बंद. डोंगरात दोन-दोन दिवस लाइट नसते, त्यामुळे ते नवं नव्हतं. दवाखान्यातून डबा मागवला होता, ही डबा भरायला उठली आणि तो माणूस पलीकडून सांगत राहिला की ठेव आज भरली नाही तर नोंद रद्द होईल. मी २१,००० पाठवले. ती फरशी अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्या क्षणी थांबलो असतो तर एवढे तरी वाचले असते. पण घरात आजारपण असताना कोण फरशा तपासत बसतो?

जानेवारीत शेजाऱ्यांचा फोन आला. बर्फ वितळल्यावर आमच्या दाराखालून पाणी बाहेर येत होतं. पाइप दोन ठिकाणी उभा चिरलेला, गिझरची टाकी फुटलेली, इथून हौसेनं नेलेल्या सोलापुरी चादरी भिजून काळ्या पडलेल्या. दुरुस्तीला २७,३५० गेले. दुकानदार म्हणाला, किल्ली न्यायला कुणी आलंच नाही.

आता आपली यंत्रणा बघा. इथल्या ठाण्यात म्हणाले, घर तिकडे, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात फोन केला तर म्हणाले, पैसे सोलापुरातून गेले, तिथे तक्रार करा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. मी कलम छापून नेलं, साहेबांनी कागद उलटाही केला नाही. ‘‘काका, एवढी रक्कम कुणालाही पाठवायची नाही ओ,’’ म्हणाले. बँकेत गेलो तर, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार? खात्याचा शिक्क्याचा उतारा पोलिसांना हवा, बँकेला आधी पोलिसांचं पत्र हवं. ज्येष्ठ माणसाला या दोन टेबलांमध्ये फिरवताना कुणाला काही वाटत नाही. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव, नंबर, सगळं माझ्या मोबाइलवर आहे. ते बघायची एकालाही इच्छा नाही!

पैसे गेल्याचं कळताच पहिले काही तास महत्त्वाचे. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मला कळलं तेव्हा दोन महिने उलटले होते.

डोंगरात घर असेल तर टाकीत येणाऱ्या पाण्याचा वॉल्व्ह बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा, वरचेही उघडे ठेवा, गिझर खालून रिकामा करा. इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली ठेवू नका, उतरलेली लवकर गोठते. काम करणारा ‘काम झालं’ म्हणेल तेव्हा त्याला व्हिडिओ कॉलवर दारापासून आत चालत यायला सांगा, आधी काढलेले फोटो घेऊ नका. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याशी बोलणं झाल्याशिवाय रुपया सोडू नका, मग फोन चार दिवस बंद असला तरी.

तो नंबर आजही नकाशावर तसाच आहे. मी ‘बनावट’ म्हणून कळवलंय, काही झालेलं नाही. कुमाऊँकडे, म्हणजे नैनितालच्या भागात, घर असलेल्या कुणालाही असा ‘हिवाळी बंदोबस्त’वाला दिसला, तर तुम्हीही तो बनावट म्हणून कळवा.