गावच्या घरी उभी गाडी: बॅटरीसाठी पाना, चार्जर की सोलार?

२०२४ च्या हरतालिकेच्या सकाळी मी गाडीवरची ताडपत्री ओढली, रिमोट दाबला आणि काहीच झालं नाही. चावीने दार उघडून किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर एक फिकट लाल दिवा लागला, आत कुठेतरी ‘टक्’ झालं आणि दिवाही गेला. मीटर लावला तर ६.८ व्होल्ट. माटवीचं (गणपतीवर टांगायच्या मंडपीचं) सामान, फुलं, भाजी सगळं शृंगारतळीहून आणायचं होतं, आणि त्या दिवशी रिक्षा मिळणं किती अवघड असतं ते गुहागर तालुक्यातल्या कुणालाही विचारा.

शेजारचे आबा खळ्यात उभे होते. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पडला होता. “नागपंचमीपर्यंत दर रविवारी धा मिनटं चालू ठेवली मी. मग एकदा उठलीच नाय. म्हटलं, पावसात दमली असंल.” आबा सांगितलं तेवढं चोख करणारे गृहस्थ. सांगणारा मी होतो, आणि सांगितलंच चुकीचं होतं.

त्यानंतर दीड वर्ष मी एकेक उपाय करून बघितला. माझी गाडी छोटी, पेट्रोलची, बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). घर वर्षातून आठ-नऊ महिने कुलूपबंद. तुमचीही गाडी गावाला आणि तुम्ही मुंबई-पुण्याला अशी परिस्थिती असेल, तर निवड मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: दोन फेऱ्यांमधलं अंतर किती, आणि मागे घरात वीज चालू राहते की मेन स्विच पाडून कुलूप लागतं.

आधी गाडी उभ्या-उभ्या किती खाते ते बघू. घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी, स्टिरिओ हे सगळं किल्ली काढल्यावरही जागं असतं. बहुतेक गाड्यांत हा खर्च २० ते ५० मिलिअँपिअर असतो, माझ्या गाडीत ३०. म्हणजे दिवसाला ०.७२ एएच, आठवड्याला पाच. शिमगा ते मे महिना हे अंतर दोन महिन्यांचं, त्यात ३५ एएचची बॅटरी तळाला पोचते. शाळा सुरू होताना निघून थेट गणपतीला येणारे तीन महिने येत नाहीत. २०२६ मध्ये तर अधिक ज्येष्ठामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होते. म्हणजे गाडी अडीच आठवडे जास्त उभी. १० जूनला निघून १२ सप्टेंबरला परत आलात तर ९४ दिवस, जवळपास ६८ एएच. बॅटरीत आहेत त्याच्या जवळजवळ दुप्पट. दिवाळी ते शिमगा तर चार महिने. गाडीत जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम बसवला असेल तर हा हिशोब आणखी वाईट.

आणि नुसती बॅटरी उतरली एवढ्यावर भागत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी आरामात असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, अर्धी झाली की साधारण १२.२. खाली जाऊन तशीच पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीची ताकद धरत नाही. गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर दणका देण्यासाठी बनवलेली असते, इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी खोलवर रिकामी होणं तिला सोसत नाही. असं दोन-तीनदा झालं की नवी घ्यायची तयारी ठेवायची.

इंटरनेटवरचे बरेच सल्ले थंड देशांतले आहेत, बॅटरी गोठू नये म्हणून काय करावं वगैरे. आपल्याकडे शत्रू उलटा, उष्णता आणि खारा वारा. बॅटरी काहीही न जोडता ठेवली तरी आपोआप थोडी उतरते आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी बोनेटला हात लावून बघा.

शेजाऱ्याने चालू करणे

सगळ्यात लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यात वाईट उपाय हाच. गाडी सुरू करायला खरं तर फार कमी लागतं, स्टार्टर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो पण तो एक-दोन सेकंद. प्रश्न आठवडाभरात गेलेल्या त्या पाच एएचचा आहे. उभ्या गाडीचं इंजिन मंद फिरतं, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) थोडंच देतो आणि बॅटरीही हळूहळूच घेते. दहा मिनिटांत जेमतेम एक-दीड एएच परत जातं. वर आबा दिवे चालतात ना ते बघायला हेडलाइट लावायचे, काच पुसायला एसी. दर रविवारी साडेतीन-चार एएच तूट. नागपंचमीपर्यंत ती आठ-नऊ आठवडे साचली आणि गाडी बसली. हिशोब तंतोतंत जुळला तेव्हा मला आबांची माफी मागावी लागली.

शिवाय इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि खाऱ्या हवेत तो आतून कुजतो. शेजारी गाडी चालवणारा असेल आणि आठवड्याला अर्धा-पाऊण तास खरोखर रस्त्यावर नेणार असेल, तर हा उपाय एकदम चांगला ठरतो. टायर, ब्रेक, इंजिन सगळंच जागं राहतं. आबांना गाडी येत नाही.

दहा नंबरचा पाना

बॅटरीची मायनसची वायर सोडवायची. बस. बहुतेक छोट्या गाड्यांना दहाचा पाना लागतो, खर्च शून्य. मायनसच का? प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, मायनस सोडवताना टेकला तरी काही होत नाही. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. सुटलेल्या टोकावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, म्हणजे ते परत चिकटणार नाही.

यात गाडीचा सगळा खर्च थांबतो. उरते ती बॅटरीची आपोआप होणारी झीज, महिन्याला काही टक्के. पण एक अट आहे: सोडवताना बॅटरी भरलेली हवी. आपण गावाला काय करतो? घर ते बाजार, बाजार ते देऊळ, चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या. त्यात ती भरत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री चार्जर लावून ती भरायची, सकाळी चार्जर काढून तासा-दोन तासांनी मीटर लावायचा, १२.६ दिसले की मायनस सोडवून मोकळं व्हायचं. २०२४ च्या दिवाळीनंतर मी हेच केलं. शिमग्याला आलो तेव्हा १२.४७ व्होल्ट, आणि पहिल्या किल्लीला गाडी सुरू.

तोटे आहेत. रिमोट लॉक चालत नाही, डिकीचं कुलूप इलेक्ट्रिक असेल तर तीही उघडत नाही, म्हणून आतलं सामान आधीच काढा आणि दार चावीने लावा. परत जोडल्यावर घड्याळ लावायचं, काही स्टिरिओ कोड मागतात, काचांचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं, इंजिन पहिली काही मिनिटं जरा अडखळतं. नव्या गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवरच एक सेन्सर असतो, तिथे स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. मायनसवर बसवायचा पितळी कट-ऑफ स्विचही मिळतो. सोयीचा, पण समुद्राकाठी त्याच्या सांध्यात हिरवट पूड जमते, मग गाडी सुरू होत नाही ती त्या पुडीमुळे. कुठल्याही टर्मिनलवर ही पूड दिसली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, सुकवा, वर व्हॅसलिन चोपडा.

चार्जर लावून ठेवणे

इथे दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर सतत ढकलत राहतो, दिवसेंदिवस लावून ठेवला तर बॅटरीतलं पाणी उकळून उडवतो. आपल्याला हवा तो ऑटोमॅटिक, फ्लोट किंवा मेंटेनन्स मोडवाला, जो बॅटरी भरल्यावर १३.२ ते १३.६ व्होल्टच्या आसपास थांबतो. गाडीत इंजिन आपोआप बंद-चालू होणारी यंत्रणा असेल तर तिची बॅटरी ईएफबी किंवा एजीएम असते, चार्जरवर तो प्रकार लिहिलेला आहे ना ते बघून घ्या.

कागदावर हाच सगळ्यात चांगला उपाय. वीज नगण्य खातो, तीन वॉट धरले तरी तीन महिन्यांत सहा-सात युनिट. बॅटरी कायम पूर्ण भरलेली, गाडीतलं काही सोडवायचं नाही.

आता कोकणात या. आपण निघताना पहिलं काम काय करतो? मेन स्विच खाली. बंद घरात पावसाळ्यात वीज चालू ठेवायची माझी तरी छाती होत नाही. उंदीर वायरी कुरतडतात, सॉकेटला ओल येते, वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात. वादळ झालं तर विचारूच नका. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या किती गावांनी किती दिवस अंधारात काढले ते तिकडच्यांना सांगायला नको. आणखी एक खोच: काही चार्जर लाईट जाऊन आली की स्वतःहून सुरू होत नाहीत, बटण दाबावं लागतं. घेतल्यावर घरीच एकदा प्लग ओढून परत लावून बघा. दिवसातून चारदा लाईट जाणाऱ्या गावात असला चार्जर पहिल्या दिवसापासून नुसता शोभेचा.

घरात आई-वडील राहत असतील, शेडमध्ये नीट अर्थिंग असेल, वीज कडाडायला लागली की कोणी प्लग काढणार असेल, तर मात्र डोळे झाकून चार्जर घ्या.

सोलार

कुलूपबंद घरासाठी हा मला मनापासून आवडला, पण दुकानदार सांगतो तितका सरळ नाही. १० वॉटचं पॅनेल कडक उन्हात साधारण अर्धा अँपिअर देतं. चांगल्या उन्हाचे चार तास धरले तर दिवसाला दोन एएच, माझ्या गाडीच्या खर्चाच्या तिप्पट. दिवाळी ते मे मस्त चालतं. पण आषाढात, आभाळ गच्च भरलेलं असताना मी दुपारी मीटर लावला तर ०.०५ अँपिअर. आठ तासांचे ०.४ एएच. गाडी खाते ०.७२. म्हणजे ज्या अंतरासाठी पॅनेल घ्यायचं, त्याच अंतरात ते कमी पडतं.

यावर दोन वाटा. एक, २० वॉटचं पॅनेल. दुसरी वाट मी धरली: मायनस सोडवायची आणि पॅनेलच्या दोन वायरी कंट्रोलरमधून बॅटरीच्या टर्मिनलला. मग पॅनेलला फक्त बॅटरीची आपोआपची झीज भरायची असते, ती दिवसाला एएचचा दहावा हिस्साही नाही. त्याला भर पावसातलं ऊनही पुरतं.

जोडणीत कंट्रोलर (पॅनेलचं व्होल्टेज आवरणारी छोटी डबी) हवाच, नाहीतर उन्हाळ्यात पॅनेल बॅटरीला १५ व्होल्टच्या वर नेऊन पाणी उडवतं. स्वस्त कंट्रोलर स्वतःही रात्रंदिवस पाच-दहा मिलिअँपिअर खातो, तेवढं हिशोबात धरा. प्लसच्या वायरीवर बॅटरीजवळ छोटा फ्यूज टाका. चिमट्यांऐवजी वायरीच्या टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवून घ्या, चिमटे एका पावसाळ्यात गंजतात. आणि पॅनेल सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायच्या भानगडीत पडू नका, बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की तो सॉकेट बंद असतो. पॅनेल शेडच्या पत्र्यावर, पण माडाखाली नको. सावलीचं सोडा, नारळ पडला तर काच गेली. (माझी गेली.)

बॅटरी काढून घरात ठेवणं हा पाचवा प्रकार, जुन्या लोकांचा आवडता. ३५ एएचची बॅटरी नऊ-दहा किलोची असते, आबांच्या पडवीत ठेवून महिन्यातून एकदा त्यांच्याकडेच चार्ज केली तर उत्तम राहते. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून चुलीपासून आणि बंद खोलीपासून लांब. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते असं आबा सांगतात. तो जमाना लाकडी आणि रबरी खोक्यांच्या बॅटऱ्यांचा होता, आताच्या प्लॅस्टिकच्या डब्याला काही फरक पडत नाही. तरी आबांनी खाली फळी घातलीच.

जंप स्टार्टर (गाडी उठवण्यापुरता दणका देणारी छोटी बॅटरी) मी बॅगेत ठेवतो, मुंबईहून निघताना भरून. त्याने गाडी उठते, बॅटरी बरी होत नाही. पार झोपलेली बॅटरी जंप देऊन बाजारात नेली की बाजारातही परत जंप द्यावा लागतो, हे मला त्या हरतालिकेला भाजीवाल्यांसमोर कळलं.

यंदा आगोटीची (पावसाळ्याआधीची) कामं करतानाच मी बॅटरी भरून घेणार, मायनस सोडवणार आणि पॅनेल जोडणार. किल्ली आबांकडेच राहील, ती परत मागायचा धीर मला झालेला नाही. गेल्या पावसाळ्यात रविवारी ते शिडी लावून पत्र्यावर चढायचे आणि पॅनेलवरचं शेवाळ पुसायचे. गणपतीला आलो तेव्हा मीटरवर १२.६५ होते.