चावट जुना शब्द कोशात कसा द्यावा: वगळून, फुल्या मारून की सरळ?

जुन्या बोलीतला एखादा चावट किंवा ग्राम्य शब्द कोशात घ्यायची वेळ आली की संपादकापुढे चार वाटा असतात: वगळणं, अर्थ पंडिती भाषेत झाकणं, फुल्या मारणं किंवा सरळ छापणं. मी सरळ छापण्याच्या बाजूची आहे. पण खरी कसोटी लागते ती अर्थ लिहिताना.

वगळणं सगळ्यात सोपं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाली. इंग्रजीतले दोन सर्वपरिचित अश्लील शब्द तीत नव्हते. ते आले थेट १९७२च्या पुरवणीत. तोवर जुना मजकूर वाचताना जो तिथे अडला, त्याला त्या कोशाचा उपयोग शून्य. मुलांच्या कोशात मात्र वगळणंच बरं, फक्त प्रस्तावनेत तसं सांगावं.

पंडिती भाषेचा आडोसाही जुनाच: कोशकार नॅथन बेलीने १७२१च्या इंग्रजी कोशात संभोगवाचक शब्द दिला, पण अर्थ लॅटिनमध्ये. मराठीत संस्कृतचा आडोसा घेतला तरी तेच होतं: ज्याला आधीच कळतं त्यालाच कळतं.

फुल्यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. फ्रान्सिस ग्रोसने १७८५ साली लंडनच्या बाजारू बोलीचा कोश काढला. स्त्रीच्या जननेंद्रियाच्या शब्दात त्याने फुल्या घातल्या आणि खाली अर्थ काय दिला, तर ‘ओंगळ गोष्टीचं ओंगळ नाव’. अक्षरं झाकली, तिरस्कार उघडा राहिला! मला हे फार खटकतं. शब्द जसा होता तसा लोकांच्या तोंडी होता. ही तुच्छता मात्र कोशकाराने स्वतः छापली. शिवाय फुल्यांमुळे वर्णानुक्रमात आणि संगणकावरच्या शोधात शब्द नीट सापडत नाही, तो तोटा वेगळाच.

आता त्याच कोशातला ‘कॉव्हेंट गार्डन नन’ हा शब्दप्रयोग घ्या. शब्दशः ‘कॉव्हेंट गार्डनची जोगीण’. ‘पतित स्त्री’ असा अर्थ दिला तर निवाडा आपण देतो. ‘रांड’ लिहिलं तर जुन्या शिवीला नवी शिवी जोडतो. नुसतं ‘जोगीण’ लिहिलं तर वाचक थेट मठात जाऊन पोचतो. मी अशी नोंद करीन: ‘देहविक्रय करणारी स्त्री. लंडन, १८वं शतक, बाजारू, उपहासाने. कॉव्हेंट गार्डन हा भाग वेश्यागृहांसाठी कुप्रसिद्ध होता. कुंटणखान्याच्या मालकिणीला याच धर्तीवर ‘मठाधिकारीण’ म्हणत.’ थट्टा कशावर उभी होती ते कळलं, काळ कळला, आणि त्या बाईची हेटाळणी आपल्या लेखणीतून झाली नाही.

मोठ्या कोशासाठी निर्णय घेत असाल तर शीर्षशब्द पूर्ण अक्षरांत छापा. काळ, स्थळ आणि ‘ग्राम्य’, ‘अपमानकारक’ असा शेरा प्रत्येक नोंदीत द्या. उदाहरणाचं वाक्य अर्थ उलगडण्यापुरतं एकच पुरे. दुसरं बहुतेक वेळा मजेखातर घातलेलं असतं. माहितीपर लेखात शब्द एकदा अवतरणात द्यावा आणि पुढे साध्या भाषेत बोलावं. मथळ्यात तो नको, कारण तिथे वाचकाला तयारीला वेळच मिळत नाही.